खुणेचा दगड

पुण्याचे मित्र माझ्या मागे लागले आहेत की तुझ्या खोदकामाच्या प्रवासाचं काहीतरी लिही. त्यांना वाटतं, जमिनीतलं जुनं गाव उकरणारा माणूस रोज एकेक नवल बघत असणार. नवल कसलं कपाळाचं! मी यवतमाळचा. कचेरीत कारकुनी करणाऱ्या बापाच्या घरी वाढलो. ज्या तांड्याविषयी लिहायला बसलोय तो आमच्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. तिथे मी तीन हिवाळे काढले होते आणि मला वाटत होतं की मी त्या माणसांना ओळखतो. एकसष्ट सालच्या हिवाळ्यात चौथ्यांदा गेलो आणि पार उघडा पडलो. परत येऊन चार महिने झाले, लाज अजून गेलेली नाही. ज्यांना नवलकथा हव्या असतील त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

बोरी अरब

नागपूरहून यवतमाळ आणि यवतमाळहून बोरी हा एसटीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. माझ्या मांडीवर मोजमापाच्या यंत्राची पेटी होती आणि पेटीवर शेजाऱ्याची कोंबडी, एवढं सांगितलं तरी पुरे.

बोरीपासून दीड कोसावर नदीच्या वळणाला एक टेकाड आहे. सगळीकडे काळीभोर कापसाची जमीन आणि मधेच ही राखट मातीची उंची. जुनं गाव बसून बसून झालेल्या अशा जागेला आमच्याकडे पांढरी म्हणतात. त्या पांढरीच्या पोटात फार जुनी वस्ती आहे, ती उकरायला खोदकामाचे प्रमुख असलेले आमचे सर दर हिवाळ्यात आम्हाला घेऊन येतात. पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा आहे. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडायचे. आगगाडीने तो धंदा बुडवला, तेव्हा ही मंडळी इथे टेकली आणि शेती करू लागली. घरात बोलतात गोरबोली, बाहेर आपली वऱ्हाडी. आमचे सगळे मजूर याच तांड्याचे, आणि मला ते मास्तर म्हणतात.

आता दगडाचं सांगतो. पहिल्याच वर्षी आम्ही पांढरीच्या माथ्यावर एक दगड रोवला आणि त्याला चुना फासला. सापडलेली प्रत्येक वस्तू या दगडापासून किती लांब, किती खोल, असं मोजून वहीत लिहायचं. दगड बोटभर जरी सरकला तरी सगळ्या मापांचा बट्ट्याबोळ. म्हणून मी मजुरांना पहिल्या दिवशीच दम भरला होता की या दगडाला कुणी हात लावायचा नाही, याच्या आसपास फावडं पडता कामा नये. तीन वर्षांत एकदाही पडलं नाही.

या वर्षी सरांनी नवा चर आखला तो नेमका त्या दगडाखालून. सर आठ दिवसांनी यायचे होते. तोवर मी दगड उपटून दुसरीकडे रोवायचा, जुनी मापं नव्या जागेशी जुळवायची आणि तांड्यातली माणसं कामाला लावायची. हे जमलं तर माझी हंगामी नेमणूक कायम होणार होती. त्यामुळे मी जरा हवेतच होतो.

बोरीचा बाजार होता. दोरखंडाच्या दुकानापुढे हरसिंग नायक दिसले. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य, त्यांच्या शब्दाबाहेर तांड्यात पान हलत नाही. साठीचा उंच माणूस, डोक्याला तांबडा फेटा.

"राम राम नायक! उद्यापासून माणसं पाठवा बरं. आधी दगड हलवायचाय."

हातातला दोर त्यांनी खाली ठेवला. "कोनता दगड?"

"आपला चुन्याचा. दुसरा कोणता?"

"कायले हलवता?"

मी तिथेच गुळाच्या भेलीवर सरांचा नकाशा पसरून त्यांना चर दाखवला. नायकांनी चराच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "या साली मानसं नाही भेटत, मास्तर. पऱ्हाटी फुटली हाय. सारे कापूस येचून राह्यले."

"मागची तीन वर्षं पऱ्हाटी फुटत नव्हती का?"

"फुटत होती," ते म्हणाले, आणि दोर न घेताच चालू लागले.

मला असा राग आला म्हणता! तीन वर्षं ज्यांच्याबरोबर एका मडक्यातलं पाणी प्यायलो ते ऐनवेळी पाय मागे घेतात म्हणजे काय? मजुरी वाढवून हवी असेल, दुसरं काय असणार, असं मी स्वतःशीच ठरवून टाकलं. खुशाल ठरवून टाकलं.

तांडा

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या बैलगाडीने निघालो. नदीच्या उतारात गाडीवानाने मला सांगितलं की खाली उतरा, चाक रुततं. मी शहाणा, पेटी सोडून उतरणार नाही म्हणालो. चाक रुतलं, गाडी कलंडली, पेटी वाचली आणि मी कमरेपर्यंत पाण्यात. माती चाळायच्या दोन चाळण्या वाहत निघाल्या, त्या पकडायला गाडीवान धावला. तांड्यात पोचलो तो ओल्या धोतराने, दात वाजवत.

आमच्या घरी पाहुणा आला की आई आधी कुठून आलात, कुणाचे कोण, हे विचारते आणि मग पाण्याचा तांब्या पुढे करते. तांड्यात उलटं आहे. आधी हातावर पाणी, मग ताटात भाकरी, आणि तुमचं पोट भरेपर्यंत कुणी काही विचारत नाही. त्यांच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. त्या दिवशी सोमलीने ज्वारीची बाटी, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा लसणाचा ठेचा वाढला. मी चार बाट्या खाल्ल्या. एरवी ती मला हसली असती. त्या दिवशी नाही हसली.

सोमलीची ओळख करून द्यायला हवी. पस्तिशीची बाई, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोती, आरशांची कांचळी म्हणजे चोळी, नवरा नाही. आमच्या कामावरची सगळ्यांत पक्की मजूर. माती पायाखाली आली की सांगायची, इथे चूल होती, इथे गोठा होता. एकदा आम्हाला एक वाकड्या भोकाचं मडकं सापडलं. सर दोन दिवस डोकं खाजवत बसले. सोमली म्हणाली, "लाह्या फोडाचं हाय, अजून काय." आमच्या अहवालात ते 'लाह्या भाजण्याचे पात्र असावे असे अनुमान निघते' असं छापून आलं. अनुमान कुणाचं, ते छापलं नाही. अहवाल मीच लिहिला होता.

आणि तिला त्या दगडाचं फार. दर हंगाम संपताना चुना तीच घेऊन यायची आणि तीच फासायची. दुपारच्या सुट्टीत सगळ्या बाया मोहाच्या सावलीत बसायच्या, ही एकटी उन्हात दगडाशेजारी बाटी खायची. "सोमली, सावलीत बस की, डोकं तापेल!" म्हणून मी तिची चेष्टा करायचो. सरांना मी कौतुकाने सांगितलं होतं की मजुरांमध्ये शिस्त किती भिनली आहे बघा.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "तू तरी येशील ना कामावर?"

ती ताट उचलत म्हणाली, "दगड राहू दे. मग येतो."

"दगड हलवल्याशिवाय काम कसं होणार?"

"मग नाही येत," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

पांढरी

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बोरीहून दोन गडी आणले. तांडा येत नाही तर न येवो, तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, असा माझा आव. पऱ्हाटी खरंच फुटली होती, पांढरीवरून बघितलं तर चारही बाजूंना पांढरंच पांढरं. मी गड्यांना दगड दाखवला. एकाने सब्बल, म्हणजे पहार, उचलली.

सोमली वावरातून चालत येताना दिसली. कापसाची ओटी कमरेला तशीच बांधलेली. ती आली आणि दगडाला पाठ लावून बसली. सब्बलवाला माझ्याकडे बघायला लागला.

"सोमली, ऊठ. हे सरकारी काम आहे."

उठली नाही. मी आवाज चढवला. काय काय बोललो ते इथे लिहवत नाही. उपकार, कामचुकारपणा, तुम्हा लोकांना कितीही जीव लावा, असलं सगळं निघालं तोंडातून. ती खाली बघत कापसातला कचरा निवडत होती. तेवढ्यात नायक धापा टाकत टेकाड चढून आले. त्यांनी गड्यांना हाताने मागे सारलं.

"मास्तर, तुमच्या पयल्या सालचा चवथा खड्डा आठवते?"

आठवत होता. वरच्या हातभर मातीतच लहान मुलाची हाडं लागली होती. गळ्याशी पाच-सहा कवड्या ओवलेल्या. मी खाली उतरून बघितलं. मातीवरून लगेच कळलं की हे जुनं नाही, पाच-दहा वर्षांपूर्वी वरून खड्डा करून पुरलेलं आहे. आमच्या कामात अलीकडच्या गोष्टीला किंमत नसते. जुन्या थरात ती मिसळू नये म्हणून आधी काढून टाकतात. मी म्हणालो, "अलीकडचं आहे. टाका." आणि वर चहा प्यायला गेलो.

"ते हिचं होतं," नायक म्हणाले. "अडीच वर्साचं. आमच्यात लगन झालेल्याले जाळते, लेकराले पुरते."

त्या हाडांची टोपली कुणी उचलली होती, हे मला तेव्हा आठवलं. खड्ड्यातून माती वाहून नेणाऱ्या बायांच्या रांगेत त्या दिवशी पहिली सोमली होती.

मी बसलो तिथेच मातीत. म्हटलं, "मला सांगायचं नाही का?"

सोमलीने पहिल्यांदा वर बघितलं. "सांगितलं होतं. तू दोऱ्या बांधत होता तवा म्हनलं होतं, इथं नको खोदू. तू म्हनला, आखून झालं. काहून नको, असं तू इचारलंच नाही."

खरं होतं ते. खुंट्या ठोकताना कुणी बाई काहीतरी म्हणाली होती आणि मी तिला मान वर न करता गप्प केलं होतं, एवढं मला अंधुक आठवतं. ती बाई कोण होती तेही मी बघितलं नव्हतं.

मग पुढचं तिने सांगितलं, कापूस निवडता निवडताच. टोपली तिने मातीच्या ढिगावर रिकामी केली नाही. पदराखाली घेऊन मोहाच्या झाडाआड ठेवली. संध्याकाळी आम्ही मुक्कामाला गेल्यावर तिने विचार केला की आता याला ठेवायचं कुठे. पांढरीवर आज इथे खोदतील, उद्या तिथे खोदतील. पायथ्याला पुरावं तर कुणाचा नांगर फिरेल. अख्ख्या टेकाडावर एकच जागा अशी होती जिथे फावडं पडणार नाही असं मास्तरने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"म्हनून इथं ठेवलं," तिने दगडाच्या बुडाशी हात ठेवला. "तूच राखत होता."

अहो, मातीच्या रंगावरून खड्डा ओळखणारा मी! शेकडो वर्षांपूर्वी रोवलेल्या खांबाची जागा मी नुसत्या ओल्या डागावरून सांगतो. तीन वर्षं मी त्या दगडाशी उभा राहिलो, त्यावर पाय देऊन यंत्रात डोळा लावला, जेवणाचा डबा त्याच्यावर ठेवला. माझ्या पायाखाली ताजा खड्डा होता आणि मला दिसला नाही.

नायकांनी सांगितलं की त्या वर्षी तांड्याची पंचायत बसली होती. आम्हाला हाकलून द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. सोमलीच आडवी आली. ही माणसं गेली तर पांढरी कुणालाही वहितीला मिळेल, नांगर फिरेल, यांचा दगड आहे तोवर माझं पोर सुखाने निजेल, असं ती म्हणाली. म्हणून तांडा येत राहिला. तीन वर्षं आम्ही सर्व सभांमधून सांगत होतो की स्थानिक लोकांचं आम्हाला किती सहकार्य आहे. ते सहकार्य कशावर उभं होतं ते हे.

मला माझी आई आठवली. आमच्यातही दात न आलेलं मूल पुरतातच. माझा धाकटा भाऊ चार महिन्यांचा असताना गेला, त्याला नाल्याकाठी पुरला. आई आजही त्या वाटेने जात नाही आणि कुणाला जाऊ देत नाही. हे मी लहानपणापासून बघत आलोय. कवड्या घातलेलं पोर कुणीतरी रडत रडत पुरलं असणार, हे कळायला मला विद्यापीठात जायची गरज नव्हती. तरी मी टाका म्हणालो आणि चहा प्यायलो. माझी मला शिसारी आली.

"सोमलीबाई, माझं चुकलं," मी म्हणालो. तीन वर्षांत पहिल्यांदा बाई म्हणालो. हातातला कापूस ओटीत टाकून तिने विचारलं, "तू सारं वहीत लिवते. खापर लिवते, मनी लिवते. याचं काय लिवलं होतं?"

जुन्या वह्या माझ्या पेटीतच होत्या. नाही म्हणायला जागा नव्हती. पहिल्या वर्षाची वही काढली, पान सापडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'खड्डा चार. वरचा थर. अलीकडची हाडं. टाकाऊ.'

नायक माझ्या खांद्याशी उभे होते. सोमली माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी वाचलं, "खड्डा चार. लहान मुलाची समाधी. सांभाळून बाजूला ठेवली."

सोमलीने नायकांकडे बघितलं. ते गोरबोलीत तिला दोन शब्द बोलले. तिने मान हलवली, दगडावरची धूळ पदराने पुसली, आणि वावरात निघून गेली. जाता जाता म्हणाली, "थावरा नाव हाय त्याचं. थावरवारचा म्हनून." त्यांच्यात शनिवारला थावर म्हणतात. मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. बोरीच्या गड्यांना परत पाठवलं.

पुन्हा बोरी

सर आले. त्यांना सगळं सांगितलं, माझा दम, माझा चहा, सगळं. वहीचं तेवढं नाही सांगितलं. सर कडक माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "चर पश्चिमेला घ्या. आणि यापुढे खुंटी ठोकायच्या आधी नायकांना आणि बायकांना जागेवरून फिरवून आणायचं. नको म्हणाल्या तर का ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं." दुसऱ्या दिवशी तांड्यातून माणसं आली. सोमलीही आली. पश्चिमेचा चर निम्मा आखून झाल्यावर दोन म्हाताऱ्यांनी आणखी एक जागा नको म्हणून दाखवली, तीही सोडली. त्या चरात फारसं काही सापडलं नाही. माझी नेमणूक अजून हंगामीच आहे.

निघायच्या दिवशी नायक बोरीच्या थांब्यापर्यंत मला पोचवायला आले. गाडीला वेळ होता. आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुमी वाचलं ते वहीत नव्हतं."

"तुम्हाला वाचता येतं?"

"तलाठ्याचे कागद वाचून वाचून त केस पिकले. टाकाऊ लिवलं होतं."

"मग तुम्ही तिला काय सांगितलं?"

"सांगितलं, मास्तरनं बरोब्बर वाचलं."

मी त्यांचे हात धरायला गेलो. त्यांनी धरू दिले नाहीत. "तुमच्यासाठी नाही केलं. तिच्या पोट्ट्याले किती डाव फेकाचं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता तुमी वाचलं तसंच लिवून टाका. म्हंजे मी तिच्याशी खोटं बोललो नाही, असं होईन."

मी तिथेच बाकावर पेटी उघडली. आमच्या कामात वहीचं पान फाडायचं नसतं आणि चुकलेलं खरवडून काढायचं नसतं. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. नव्या मुलांना हा नियम मीच शिकवतो. मी 'टाकाऊ' वर रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'सोमलीबाईंचा मुलगा थावरा, वय अडीच. आईने सांभाळून खुणेच्या दगडाशी ठेवला आहे.' 'बाजूला ठेवली' असं लिहायला हात धजला नाही, कारण ठेवणारा मी नव्हतो. सही केली.

नायकांनी वही घेतली. अक्षराखाली बोट फिरवत सावकाश वाचली. मग बोट रेघेवर थांबलं.

"हे खालचं अजून दिसून राह्यलं."

"दिसणारच, नायक. ते पुसता येत नाही."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "नका पुसू," ते म्हणाले. "तुमाले दिसलं पायजे."